माइकचा खटका दाबला की होम थिएटर बोलतं: घरच्या सीबी स्टेशनचा त्रास कमी कसा करायचा

प्रश्न थोडक्यात असा: घरी सीबी (सिटिझन्स बँड) रेडिओ, म्हणजे २७ मेगाहर्ट्झवर बोलायचा-ऐकायचा सेट, बसवलाय. सेट ४ वॅटचा, एएम आणि एसएसबी या आवाज पाठवायच्या दोन्ही पद्धती असलेला. उभी अँटेना गॅलरीच्या कठड्याला बांधली आहे. एएमवर बोलायला लागलं की हॉलमधल्या होम थिएटरमधून शब्दन् शब्द ऐकू येतो, टीव्हीचं चित्र मध्येच चौकोनी तुकड्यांत फुटतं, एक एलईडी दिवा बोलण्याच्या तालावर लुकलुकतो. शेजाऱ्यांच्या कॉम्प्युटरच्या स्पीकरमधूनही आवाज येतो, आणि ते आता वैतागलेत. लो-पास फिल्टर (ठरावीक फ्रिक्वेन्सीच्या वरचं अडवणारी गाळणी) आणून लावला, काडीचा फरक पडला नाही. तेव्हा नवीन अर्थिंग करावं, की सेटच बदलावा?

दोन्ही नको. फिल्टरनं फरक पडला नाही, यातूनच बरंच काही कळतंय, ते आधी बघू.

सीबीमुळे घरात होणारा त्रास मुळात दोन जातींचा असतो. एक म्हणजे सेटमधून जे बाहेर पडायला नको ते बाहेर पडतं: २७ मेगाहर्ट्झच्या दुप्पट, तिप्पट, चौपट फ्रिक्वेन्सीचे हार्मोनिक. दुसरी जात अशी की सेट बिचारा स्वच्छ २७ मेगाहर्ट्झच सोडतो, पण जवळचं उपकरण तेवढा जोराचा सिग्नल झेलू शकत नाही. लो-पास फिल्टर फक्त पहिल्या जातीवर चालतो. दुसऱ्या जातीत तो २७ मेगाहर्ट्झ अडवणार तरी कसा? ते अडवलं तर तुमचं बोलणंच बंद होईल.

हार्मोनिकचा संशय असेल तर आकडेमोड सोपी आहे. सीबीचे नेहमीचे ४० चॅनल २६.९६५ ते २७.४०५ मेगाहर्ट्झमध्ये बसतात. त्यांची दुप्पट जवळपास ५४ ते ५५, तिप्पट ८१ ते ८२. जुन्या व्हीएचएफ टीव्हीचे खालचे चॅनल याच भागात होते, म्हणून जुन्या लेखांमध्ये लो-पास फिल्टरचा इतका गाजावाजा दिसतो. चौपटीची गंमत वेगळी आहे. चॅनल १ ची चौपट १०७.८६ होते, म्हणजे एफएम रेडिओच्या पट्टीचं अगदी वरचं टोक. चॅनल ४० ची चौपट १०९.६२, म्हणजे पट्टीच्या बाहेर. एफएमवर १०७.९ च्या आसपासचं स्टेशन चॅनल १ वर बोलताना दबत असेल आणि चॅनल ४० वर गेलं की मोकळं होत असेल, तर हार्मोनिक आहे असं समजा आणि फिल्टरचा विचार करा. आजचा डिजिटल टीव्ही बहुतेक ठिकाणी ४७० मेगाहर्ट्झच्या वर चालतो. तिथवर पोचायला तुमच्या सेटचा अठरावा हार्मोनिक लागेल, आणि धड अवस्थेतल्या ४ वॅटच्या सेटचा अठरावा हार्मोनिक टीव्हीला त्रास देण्याइतका नसतो. तुमचा टीव्ही हार्मोनिकमुळे फुटत नाहीये.

होम थिएटरला तर फ्रिक्वेन्सीचं सोयरसुतकच नसतं. ते रेडिओ नाही, त्याला ट्यूनिंग नाही. स्पीकरच्या वायरीवर गोळा झालेलं २७ मेगाहर्ट्झ आत शिरतं, तिथल्या ट्रान्झिस्टर किंवा आयसीचं एखादं जंक्शन डायोडसारखं वागतं आणि तुमचा आवाज त्या सिग्नलमधून सुटा होऊन बाहेर पडतो. हे ओळखण्याची खूण पक्की आहे. एएमवर शब्द स्पष्ट ऐकू येतात. एसएसबीवर घशातल्या घशात बोलल्यासारखं, बदकासारखं काहीतरी येतं. सेटवर एफएम असेल तर खटका दाबताना टक् असा आवाज किंवा बारीक गुणगुण, आणि मधे शांतता. तुम्हाला एएमवर शब्दन् शब्द ऐकू येतोय, म्हणजे आवाज असाच सुटा होतोय. सेट बदलून हे जाणार नाही. नवा कोरा सेटही तेवढेच ४ वॅट सोडणार.

आता हे उपकरणांत शिरतं कुठून? वायरींतून. २७ मेगाहर्ट्झची तरंगलांबी साधारण ११ मीटर. तिचा पाव भाग पावणेतीन मीटर, अर्धा साडेपाच. घरातल्या स्पीकरच्या वायरी, टीव्हीची केबल, एक्स्टेंशन बोर्ड यांची लांबी साधारण याच मापाची असते, म्हणजे घरभर नकळत २७ मेगाहर्ट्झच्या अँटेना पसरलेल्या असतात. उपकरणांची सहनशक्ती तपासण्याची आंतरराष्ट्रीय पद्धतही हेच गृहीत धरते. आयईसी ६१०००-४-३ ही हवेतल्या लहरींची चाचणी ८० मेगाहर्ट्झपासून वर सुरू होते; त्याखाली, १५० किलोहर्ट्झ ते ८० मेगाहर्ट्झपर्यंत, आयईसी ६१०००-४-६ प्रमाणे सिग्नल थेट केबलींवर सोडून तपासणी होते. त्यामुळे डब्यावर पत्रे ठोकत बसण्यापेक्षा वायरींकडे बघा.

एक अंदाजही देतो. ४ वॅट आणि साध्या डायपोलइतकी (मधोमध केबल जोडलेल्या दोन सारख्या तारांची) अँटेना धरली, तर मोकळ्या जागेत विद्युतक्षेत्र साधारण १४ भागिले मीटरमधलं अंतर, इतके व्होल्ट प्रतिमीटर येतं. म्हणजे ५ मीटरवर २.८, १० मीटरवर १.४. घरगुती उपकरणांची चाचणी बहुधा ३ व्होल्टच्या पातळीवर होते. गॅलरीतली अँटेना आणि भिंतीपलीकडचं होम थिएटर यांत ३ मीटर अंतर असेल, तर ती पातळी केव्हाच ओलांडली जाते. अंतर दुप्पट केलं की मिळणारी घट ही ताकद एकचतुर्थांश करण्याइतकी असते, आणि दूरचा माणूस तुम्हाला पूर्वीइतकाच ऐकतो. अँटेना उंच आणि लांब नेण्यासारखा उपाय नाही. गच्ची मिळत असेल तर कठडा सोडाच.

पण काहीही हलवण्याआधी एक चाचणी करा. ५० ओहमचा, धातूच्या डब्यातला डमी लोड (अँटेनाऐवजी लावायचा, सिग्नल हवेत न सोडता जिरवणारा) मिळवा आणि अँटेनाची केबल काढून सेटच्या मागे हातभर केबलनं तो जोडा. घरातल्या कुणाला तरी होम थिएटरजवळ उभं करा, नेहमीसारखं बोला. आवाज पूर्ण गेला, तर सेट आणि पॉवर सप्लाय निर्दोष. जे काही होतंय ते अँटेना आणि तिच्या केबलमुळे. डमी लोडवरही आवाज येत राहिला, तर सेट मेन्सपासून तोडून १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालवून बघा. बॅटरीवर बंद झाला म्हणजे सिग्नल विजेच्या वायरिंगमधून जातोय, आणि पॉवर सप्लायच्या दोन्ही बाजूंच्या वायरींना फेराइट (वायरीवरचा रेडिओ सिग्नल अडवणाऱ्या चुंबकीय पदार्थाच्या रिंगा) लागणार. बॅटरीवरही येत असेल तर प्लग, केबलचं टोक, सेटचा डबा यांत कुठेतरी गळती आहे. केबलच्या टोकाच्या पीएल-२५९ प्लगमध्ये केबलची बाहेरची तारांची जाळी नुसती दाबून बसवलेली, झाळलेली नाही, असं फार वेळा सापडतं.

तुमच्या बाबतीत डमी लोडवर शांतता मिळेल असा माझा अंदाज आहे, आणि त्याचं कारण तो कठडा. उभ्या अँटेनाला दुसरी बाजू लागते. गाडीवर गाडीचा पत्रा ते काम करतो, गच्चीवरच्या ग्राउंड प्लेन अँटेनाला खालचे रेडियल, म्हणजे बुडापासून बाजूंना पसरलेल्या तारा. कठड्याला नुसता क्लॅम्प केला आणि रेडियल नसले, तर अँटेना आपली दुसरी बाजू हाताशी असेल त्यातून तयार करते: अँटेनाच्या कोॲक्स केबलच्या जाळीची बाहेरची बाजू. मग केबल सिग्नल नुसता वाहून नेत नाही, स्वतःच अँटेना होते, आणि ती तुमच्या हॉलमधून, टीव्हीच्या मागून, भिंतीतल्या वायरिंगला चिकटून सेटपर्यंत येते. अँटेना बाहेर, पण प्रक्षेपण घरात.

हे आहे का ते ओळखायला महागडं मीटर लागत नाही. एसडब्ल्यूआर मीटरवर (अँटेनाकडून किती सिग्नल परत येतो ते दाखवणारा) नजर ठेवून केबलची जागा बदला, ती मुठीत धरा, मीटरभर जादा केबल जोडा. आकडा हलला, तर जाळीच्या बाहेरून करंट वाहतोय. तो वाहत नसेल तर असल्या खेळानं आकडा सहसा हलत नाही.

उपाय दोन आणि दोन्ही करायचे. पहिला, अँटेनाला तिची दुसरी बाजू द्या: प्रत्येकी पावणेतीन मीटरचे निदान ३-४ रेडियल, किंवा सरळ अर्ध्या तरंगलांबीचा डायपोल. डायपोल आडवा बांधता आला तर आणखी एक फायदा होतो. त्याच्या टोकांच्या दिशेला सिग्नल कमी जातो, तेव्हा टोक घराकडे करा. मात्र उभ्या अँटेनावाल्या जवळच्या मंडळींना तुम्ही कमी ऐकू याल, हे धरून चला.

दुसरा उपाय चोक, म्हणजे जाळीच्या बाहेरचा करंट अडवणारे केबलचे वेढे. अँटेनाच्या अगदी बुडाशी, जिथे केबल जोडली जाते तिथे, केबल फेराइट रिंगमधून ५ ते ७ वेळा फिरवायची. रिंग एफटी-२४०, मटेरियल ३१ किंवा ४३. आरजी-५८ केबल तिच्यात आरामात बसते. वेढे जास्त घेतले की चोक जास्त चांगला, असं नाही. वेढ्यांच्या आपसातल्या कपॅसिटन्समुळे चोकचा प्रभाव खालच्या फ्रिक्वेन्सीकडे सरकतो आणि २७ वर तो उलट कमजोर पडतो. रिंग मिळत नसेल तर १०-१२ सेंटीमीटर व्यासाचे ५-६ वेढे एकाशेजारी एक, डब्याच्या आधारावर ओळीत गुंडाळून टेपनं घट्ट बांधा. केबलची गुंडी करून दोरी बांधली तर तो चोक होत नाही. असाच दुसरा चोक केबल घरात शिरते तिथे लावा, आणि आतली केबल टीव्हीच्या किंवा विजेच्या वायरींना समांतर नेऊ नका. ओलांडायचीच तर काटकोनात.

पुष्कळ घरांत एवढ्यावरच अर्ध्याहून जास्त त्रास मिटतो. उरलेला उपकरणांपाशी जाऊन मिटवायचा.

होम थिएटरचा आवाज पूर्ण कमी करून बोलून बघा. तुमचा आवाजही कमी झाला, तर सिग्नल व्हॉल्यूम कंट्रोलच्या आधी, म्हणजे टीव्हीकडून येणाऱ्या ऑडिओ केबलमधून शिरतोय. तसाच राहिला, तर स्पीकरच्या वायरींतून नाहीतर मेन्समधून. मग सगळ्या केबली काढा, फक्त मेन्स आणि एक स्पीकर ठेवा, बोला. पुढे एकेक केबल जोडत जा. जिच्यामुळे आवाज परतला तिला रिंग: स्पीकरच्या दोन्ही तारा एकत्र, त्याच रिंगमधून, ॲम्प्लिफायरच्या जितक्या जवळ जमेल तितक्या. अडवण्याची ताकद ढोबळमानानं वेढ्यांच्या वर्गात वाढते: ३ वेढे म्हणजे एकदा आरपार गेलेल्या तारेच्या नऊपट. म्हणूनच केबलवर खट्कन बसणारा एक फेराइट मणी लावून ‘काही होत नाही’ म्हणणाऱ्यांचं नवल वाटत नाही. मोठा मणी घ्या, त्यातून केबल दोन-तीनदा फिरवा. आणि जुन्या कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमधून काढलेल्या पिवळ्या-पांढऱ्या रिंगा वापरू नका. त्या लोखंडाच्या भुकटीच्या असतात, २७ मेगाहर्ट्झ अडवायला जवळपास निरुपयोगी.

इथे बहुतेकांचा धीर सुटतो, आणि कारण समजण्यासारखं आहे. सिग्नल एकाच वेळी तीन वाटांनी शिरत असेल, तर एक वाट बंद केल्यावर कानाला काही फरक कळत नाही. मग माणूस ती रिंग काढून दुसऱ्या केबलला लावतो, तिथेही फरक नाही, आणि शेवटी ‘फेराइट म्हणजे थोतांड’ असा निकाल देतो. लावलेली रिंग काढायची नाही. पुढच्या वाटेसाठी दुसरी रिंग.

स्पीकरच्या टोकांवर ०.०१ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर टाकायचा जुना सल्ला अजून फिरतो. हल्लीचे काही ॲम्प्लिफायर तेवढ्यानं स्वतःच ऑसिलेट होऊन जळू शकतात. फेराइटनं काम होत असताना कशाला?

टीव्हीची तऱ्हा वेगळी. अँटेनाच्या खांबावर बूस्टर असेल तर पहिला संशय त्याच्यावर, कारण त्याच्या तोंडाशी २७ मेगाहर्ट्झ आला की तो दबून जातो आणि हवा तो सिग्नलही बिघडवतो. हाय-पास फिल्टर (खालच्या फ्रिक्वेन्सी अडवणारा) बूस्टरच्या आधी लावायचा. नंतर लावला तर बिघडलेलंच गाळून पुढे जाणार. शिवाय हा फिल्टर केबलच्या आतून येणारं अडवतो, जाळीच्या बाहेरून येणारं नाही. त्यासाठी टीव्हीमागे केबललाही एक रिंग लागते. फिल्टर लावूनही ‘फरक नाही’ म्हणतात त्यातले बरेच इथे अडकलेले असतात. बूस्टर नसेल, तर सेट-टॉप बॉक्सच्या मागच्या एकेक वायरी काढून वरचीच रीत करा. एचडीएमआय केबलसुद्धा सोडू नका.

लुकलुकणारा एलईडी दिवा बदलून बघा. स्वस्त दिव्यांच्या ड्रायव्हरमध्ये गाळणीचे भाग वाचवलेले असतात. हात लावला की पेटणारे दिवे मात्र बहुधा सुधारत नाहीत. स्पर्श ओळखायलाच त्यांचा भाग अतिसंवेदनशील ठेवलेला असतो. खोलीतून हलवा किंवा सोडून द्या. विजेच्या वायरींतून इंटरनेट नेणारे ॲडॅप्टर घरात आहेत का, तेही बघा. त्यातलं होमप्लग एव्ही हे मानक साधारण २ ते २८ मेगाहर्ट्झ वापरतं, म्हणजे तुमचा बँड त्याच्या पोटातच. तुम्ही बोललात की नेट अडखळणार, आणि तुम्ही ऐकत असताना त्यांची खरखर तुमच्या कानात. तिथे फेराइटचा खर्च करू नका, साधी नेटवर्क केबल ओढा. धुराचा अलार्म किंवा गळती ओळखणारा ब्रेकर खटक्यासरशी वाजत-पडत असेल, तर तो बंद करून बोलत बसू नका. त्या दिवशी कमी पॉवर किंवा शांतता, आणि मग कारण शोधा.

अर्थिंगबद्दल. वरच्या मजल्यावरून जमिनीपर्यंत गेलेली तार २७ मेगाहर्ट्झला जमीन म्हणून दिसत नाही. पावणेतीन मीटरची तार तर खाली उत्तम जोडलेली असूनही वरच्या टोकाला जवळजवळ तुटलेलीच भासते. तिचीच अँटेना होते. रेडियल आणि चोक नीट असतील तर व्यत्ययापुरतं नव्या अर्थिंगवाचून काही अडत नाही. पॉवर सप्लायच्या तीन पिनांपैकी अर्थची पिन काढून ‘त्रास कमी होतो’ असं कुणी सांगेल. ती जीव वाचवणारी तार आहे, तिला हात लावायचा नाही. खांबाचं विजेपासून संरक्षण हा निराळा विषय, त्याचं अर्थिंग हवंच.

एसडब्ल्यूआर जास्त म्हणून टीव्हीवर त्रास, हाही जुना समज. नुसत्या एसडब्ल्यूआरमुळे हार्मोनिक तयार होत नाहीत. लो-पास फिल्टर ठेवणार असाल तर क्रम मात्र बघा: सेट, मग एसडब्ल्यूआर मीटर, मग फिल्टर. मीटरमधले डायोड स्वतः थोडे हार्मोनिक करतात, तेव्हा फिल्टर त्यांच्या पुढे बरा. ट्यूनर (अँटेना सेटशी जुळवणारा डबा) असेल तर फिल्टर ट्यूनरच्या अलीकडे, जिथे त्याला ५० ओहम मिळतात.

सेटच्या आत कुणी ‘आवाज वाढवून’ दिला असेल, म्हणजे मॉड्युलेशनचा लिमिटर (आवाज ठरावीक पातळीवर रोखणारा भाग) काढला असेल, तर तो पूर्ववत करून घ्या. पॉवर माइकची (आवाज वाढवून देणाऱ्या माइकची) चावी खाली आणा. लिनियर ॲम्प्लिफायर (सेटची ताकद वाढवणारा डबा) जोडला असेल तर वरचं सगळं बाजूला ठेवून आधी तो काढा: नियमांत बसत नाही म्हणून तर झालंच, पण १०० वॅटच्या समोर या रिंगा पुऱ्या पडणार नाहीत.

आणि त्रास कधी असतो, कधी नसतो, पाऊस पडला की गायब होतो, असं असेल तर गंजलेले सांधे शोधा. खांबाचे क्लॅम्प, ताणाच्या तारा, पन्हाळी. गंजलेला सांधा डायोडसारखा वागतो आणि हार्मोनिक सेटच्या बाहेर, उघड्यावर तयार होतात. फिल्टर तिथे पोचतच नाही. कुणाला तरी बोलायला लावून खांब हलवून बघा, त्रास बदलला की सांधा सापडला. घासून घट्ट करा, किंवा मध्ये रबर घालून दोन धातू वेगळे करा.

शेजाऱ्यांकडे जायचं ते आपलं घर शांत झाल्यावर. तुमच्याच होम थिएटरमधून आवाज येत असताना ‘दोष तुमच्या स्पीकरचा’ हे वाक्य कुणी ऐकून घेणार नाही, मग तांत्रिकदृष्ट्या ते कितीही खरं असो. ठरवून वेळ घ्या: ते त्यांच्या स्पीकरजवळ, तुम्ही सेटवर, फोन चालू. चॅनल, पॉवर, एएम की एसएसबी, काय ऐकू आलं, सगळं वहीत लिहा. पुष्कळदा असंही निघतं की त्यांच्या तक्रारीतला एखादा त्रास तुम्ही बोलत नसतानाही होतो. त्यांचं उपकरण उघडू नका, अगदी त्यांनी आग्रह केला तरी. उद्या ते दुसऱ्याच कारणानं बिघडलं तरी नाव तुमचंच येईल. बाहेरून रिंग लावा, वायर त्यांनाच फिरवू द्या. कॉम्प्युटरच्या स्पीकरला तीन रिंगा लागतील: ऑडिओ केबल, दोन स्पीकरांमधली तार आणि ॲडॅप्टरची वायर. तिन्ही एकदमच घेऊन जा, म्हणजे पहिल्याच फेरीत फरक ऐकू येईल.